झाकणाला दोन खिळे

टायपिंगच्या वर्गाबाहेरून जाणाऱ्याला वाटतं, आत नुसती टकटक चालते. ज्यानं वर्ग चालवलाय त्यालाच माहीत असतं की खरा दणका टकटकीचा नसतोच. ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते, आणि मग डाव्या हातानं दांडा दाबून यंत्राचं अख्खं डोकं खाडकन उजवीकडे ढकलायचं असतं. त्याला कॅरेज म्हणतात. एकच मुलगी ढकलते तेव्हा काही जाणवत नाही. पण मी पडले शिस्तीची बाई. माझ्या वर्गात सगळ्या मुली माझ्या टाळीवर अक्षर मारायच्या, एकदम ओळ संपवायच्या आणि एकदम कॅरेज ढकलायच्या. आणि त्या धक्क्यासरशी आमची माडी हलायची.

हे नारायणगावातलं, नव्वदच्या दशकातलं. माझ्या नवऱ्याचा टोमॅटोच्या खोक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन्ही बाजूंना विटांच्या जाड भिंती, पुढून सताड उघडी शेड, आणि मधोमध टेम्पो उलटा आत येऊन उभा राहील एवढी जागा. निलगिरीच्या आणि सिल्व्हर ओकच्या पातळ फळ्या भिंतींकडेला रचलेल्या असायच्या, आणि कामगार मांडी घालून, ओठांत खिळे धरून खोकी ठोकत बसायचे. हंगामात तर टेम्पो दारात रांगेनं उभे राहायचे. टोमॅटो लाकडी खोक्यांतून मुंबईला जायचा तेव्हा. प्लॅस्टिकचे क्रेट आमच्या बाजारात अजून दिसत नव्हते.

मी मूळची जुन्नरची. लग्नाआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि घोडेगावला कचेरीजवळ एका वकिलांकडे अर्ज टाइप करत होते. लग्नानंतर वर्षभर गुमान भाकऱ्या थापल्या आणि मग तोंड उघडलं. म्हटलं, मला मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढायचाय. घरात कुणीही नाही म्हटलं नाही, ह्याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काढ बाई. पन माज्या ओट्यावर न्हाई. मला दुपारचा जरा डोळा लागाया शांतता लागती." मग घरात एकच जागा उरली, ती शेडच्या डोक्यावर. तिथं माडी बांधायची ठरली.

आता शेडवर माडी म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांबच लांब तुळया हव्यात. एवढ्या लांबीचा, एवढ्या जाडीचा एकसंध साग आणायचा कुठून? गवंड्यानं लोखंडी गर्डर सुचवले, तर नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "घरात लाकडाचा धंदा, आन् लोखंड इकत आणू व्हय? लोक काय म्हनतील, राव?" मग त्यानं तुळया स्वतःच घडवल्या. फळ्यांना फळ्या जोडून. तीन फळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या ठेवायच्या, एका थराचा जोड दुसऱ्याच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, आणि आरपार ठोकत जायचं. प्रत्येक तुळई हातभर उंच आणि जेमतेम चार बोटं रुंद झाली. फळीला उभी ठेवली की ती वाकत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणून ती तशी उंच आणि सडपातळ. त्या तुळया दोन्ही भिंतींवर नेऊन टेकवल्या, वर आडव्या फळ्या ठोकल्या, की झाली माडी. मी त्या माडीवर पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा नवा वास होता लाकडाचा, आणि मला वाटलं होतं, ह्या माणसानं मला आकाशातच एक खोली काढून दिली.

पुण्यातल्या एका बंद पडलेल्या वर्गाची जुनी यंत्रं आणली. ओतूर, बेल्हे, मंचर, कुठून कुठून मुली यायला लागल्या. शेअर जीपच्या मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसून यायच्या, आणि जिन्यात चपला काढून वर चढेपर्यंत हसत राहायच्या. मी त्यांना दरडावायचे, पण त्या हसण्याची मला भूक होती.

पहिली तक्रार आली ती सासूबाईंकडून. दुपारची झोप झाली की त्या शेडच्या सावलीत तूर निवडत बसायच्या. एकदा खालून आवाज आला, "अगं ए, तुज्या पोरी वर नाचत्यात का काय? माज्या सुपात भुसा पडतोय!" मी खाली गेले. खरंच, तुरीवर लाकडाचा बारीक भुगा पडला होता. मी वर पाहिलं. वर मुली आपल्या आपण सराव करत होत्या, तोपर्यंत सगळं शांत. मग मी सासूबाईंना तिथंच उभं ठेवलं, वर जाऊन टाळीवर दोन ओळी घेतल्या आणि पुन्हा खाली पळाले. त्यांचा चेहरा पाहूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं. "तुळई मान टाकती गं," त्या म्हणाल्या. "अशी." आणि त्यांनी हाताचा उभा पंजा कलता करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी एका मुलीला वर टाळ्या द्यायला ठेवलं आणि स्वतः खाली एका खोक्यावर चढून पाहिलं. खरं होतं. सगळ्या कॅरेज एकदम ढकलल्या की मधल्या तुळया वरच्या कडेनं बाजूला झुकत होत्या आणि मग हळूच सरळ होत होत्या. खाली वाकत मात्र नव्हत्या. भिंतीवर टेकलेली त्यांची टोकंसुद्धा जागच्या जागी किंचित कलंडत होती. मी खोक्यावरून उतरले आणि वर जाऊन वर्ग सोडून दिला.

गवंडी आला, त्यानं वर-खाली पाहिलं, आणि पान थुंकून निकाल दिला. "भाऊ, सगळ्या तुळयांखालनं एक आडवं लाकूड घाला आन् त्येच्याखाली मधोमध एक खांब द्या. इषय संपला."

विषय संपला नव्हता, तिथंच सुरू झाला होता. मधोमध खांब म्हणजे टेम्पोच्या वाटेत खांब. टेम्पो आत येणार नाही, म्हणजे खोकी एकेक करून रस्त्यापर्यंत वाहायची. हंगामात ज्याच्याकडे माल लवकर भरून मिळतो त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं, आणि आमच्याच रस्त्यावर खोकीवाल्यांची काही कमी नव्हती. खांब घातला तर त्याचा धंदा बसणार. नाही घातला तर माझा वर्ग बंद. तोही परीक्षा तोंडावर आलेली असताना. मुलींचे फॉर्म गेले होते. त्यातल्या दोघींच्या घरी, ही परीक्षा झाली नाही तर पुढं लग्नाचंच बघू, असं स्पष्ट सांगून ठेवलेलं होतं.

त्या रात्री जेवताना आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून जेवत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. मला त्याच्या गप्प बसण्याचा राग येत होता. शेवटी मीच म्हटलं, "उद्या मुलींना सांगते. वर्ग बंद. तुमच्या टेम्पोच्या वाटेत मी येणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "इंजिनेरला तरी इचारा." आणि उठून हात धुवायला गेल्या.

इंजिनिअर म्हणजे आमचा भाडेकरू. कालव्याच्या कामावर होता, पस्तिशीच्या आतला, बिचारा मराठवाड्याकडचा, बायको-मुलं गावी. आमच्याकडे परसातल्या खोलीत राहायचा आणि महिन्यातले बरेचसे दिवस साइटवर. अतिशय बुजरा माणूस. मला वहिनी म्हणायचा, पण बोलताना नजर पायांकडे. त्याला घरचं काही सांगायचं म्हणजे उगाच त्रास, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना सांगितलं. काही जणी रडल्या. मी त्यांना म्हटलं, आज टाळी नाही, जिनं तिनं आपापलं करा, शेवटचा दिवस आहे, मनसोक्त टाइप करा. त्या दिवशी मी कुणाची चूक काढली नाही.

संध्याकाळी इंजिनिअर साइटवरून आला तेव्हा सासूबाईंनी त्याला चहासोबतच सगळं ऐकवलं. तो चहा अर्धा ठेवून बॅटरी घेऊन शेडमध्ये गेला. मग माडीवर. मग पुन्हा खाली. मग म्हणाला, "वहिनी, मी रात्रीत जरा पुस्तक बघतो. लाकडाचं आम्हाला एकच प्रकरण होतं, परीक्षेपुरतं केलेलं. उगाच चुकीचं सांगायला नको." मला ते फार आवडलं. ज्याला येतं तोच असं म्हणू शकतो.

सकाळी तो ओट्यावर आला आणि माझ्याकडे लाकडी फूटपट्टी मागितली. दोन विटा ठेवल्या, त्यांवर फूटपट्टी उभी कडेवर ठेवली आणि वरून बोटानं दाबली. ती लगेच आडवी झोपली. "बघा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच वर मान करून बोलला. "मोडली का? नाही. वाकली का? नाही. तिला ताकद भरपूर आहे. ती नुसती कूस बदलतेय. भाऊ, तुमच्या तुळया अशाच आहेत. भार पेलायला उत्तम. पण त्यांना बाजूनं कुणी धरलेलंच नाही. तुम्ही खाली खांब दिला तरी त्या वर कूस बदलतच राहतील. आता वहिनी, तुम्ही दोन्ही टोकं चिमटीत धरा. आणि आजी, तुम्ही मधे नुसतं दोन्हीकडून बोट लावा. जोर नका लावू."

मी धरलं. सासूबाईंनी तुरीच्या धुळीनं भरलेली दोन बोटं फूटपट्टीला दोन्हीकडून टेकवली. इंजिनिअरनं वरून दाबलं. मग आणखी दाबलं. फूटपट्टी सरळ उभी. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तर काय धरलंबी न्हाई!"

"तेवढंच लागतं," तो म्हणाला. "ती पुरती कलली की मग बैल जुंपले तरी आवरायची नाही. सुरुवातीलाच कललीच नाही, तर बोटही पुरतं." मग तो नवऱ्याकडे वळला. "खरं म्हणजे वरच्या फळ्यांनीच तुळयांची वरची कड धरून ठेवायला हवी होती. तुम्ही फळ्या पक्क्या ठोकल्यात ना?"

"ठोकल्यात की," नवरा म्हणाला. "येकेका फळीला दोन-दोन खिळं."

"एका तुळईवर दोन?"

"न्हाई. अख्ख्या फळीला. ह्या टोकाला येक आन् त्या टोकाला येक."

इंजिनिअर गोंधळला. "एवढी लांब फळी, आणि मधल्या तुळयांवर काहीच नाही? असं का?"

"आता, झाकनाला दोनच..." एवढं म्हणून नवरा थांबला.

मी त्याचा तो चेहरा कधी विसरणार नाही. खोकं भरून वर झाकणाची फळी लावतात, तिला दोन टोकांना दोनच खिळे मारायचे असतात, आणि तेही आखूड. का, तर मुंबईला व्यापाऱ्याच्या माणसाला ती पटकन उचकटता यावी. जास्त खिळे मारले तर खोकीवाल्याला शिव्या खाव्या लागतात. लहानपणापासून त्यानं वरची फळी म्हणून जी ठोकली ती अशीच ठोकली होती. आणि आमच्या माडीची जमीनही त्यानं, त्याच्या कामगारांनी, हाताच्या सवयीनं अगदी तशीच ठोकली होती. उचकटायला सोपी! मुंबईहून कुणी पहार घेऊन आलं असतं तर आमची माडी त्याला पाच मिनिटांत उघडून मिळाली असती.

तो आधी ओशाळला, मग त्याला हसू फुटलं, आणि मग तो इतका हसला की ओट्यावर बसकण मारली. इंजिनिअरही हसायला लागला. कामगार आले, त्यांना सांगितलं, तेही हसले. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं मालक, टोमॅटो न्हाई भरलं वर." सासूबाई हसताना डोळे पुसत होत्या. मला मात्र हसता हसताच रडू आलं, कारण वर्ग जिवंत राहणार हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

मग चार दिवस घरात लगीनघाई. यंत्रं खाली आणली आणि अंगणात पालथ्या घातलेल्या खोक्यांवर मांडली. मुलींचा सराव एक दिवससुद्धा बुडला नाही. टोमॅटोच्या खोक्यांवर बसून, टोमॅटोच्या खोक्यांवर यंत्र ठेवून त्या टाइप करत होत्या, आणि रस्त्यानं जाणारे लोक वळून वळून बघत होते. माडीवर कामगार प्रत्येक फळी प्रत्येक तुळईवर लांब खिळ्यांनी ठोकत होते. खाली दोन तुळयांच्या मधे, त्यांच्याच उंचीचे लाकडी ठोकळे, पहिल्या तुळईपासून शेवटच्या तुळईपर्यंत ओळीनं घट्ट बसवले, म्हणजे एकीला कूस बदलायची असेल तर सगळ्यांनाच बदलावी लागेल. टोकांना गवंड्यानं दोन्हीकडून वीटकाम करून त्यांना भिंतीत पक्कं कोंडलं. इंजिनिअर रोज साइटवर जाण्याआधी आणि आल्यावर बघून जायचा, आणि प्रत्येक वेळी काही ना काही उगाच हलवून पाहायचा. गवंडीही चांगला माणूस. "खांबाचं मी उगाच बोललो, ताई," असं स्वतःहून म्हणाला.

पुन्हा वर्ग भरला त्या दिवशी मी टाळी वाजवली. मुलींनी ओळ संपवली. टिंग. आणि सगळ्यांनी एकदम कॅरेज ढकलली. पायाखाली काहीही हललं नाही. खालून सासूबाईंचा आवाज आला, "काय पडलं न्हाई गं!" मुलींनी टाळ्या पिटल्या. त्या परीक्षेला सगळ्याच्या सगळ्या मुली बसल्या. ज्या दोघींचं लग्न बघायचं घाटत होतं त्यांतली एक पुढं पंचायत समितीत लागली, दुसरीचं लग्न झालं, पण नोकरी लागल्यावर.

इंजिनिअरची पुढच्या वर्षी बदली झाली. जाताना बायकोला घेऊन आला होता. मी तिला खण-नारळ दिला आणि तिच्यासमोर त्याचं इतकं कौतुक केलं की तो पुन्हा पायांकडे बघायला लागला. आज तो कुठं आहे मला माहीत नाही. कुठंही असो, सुखात असो, असं मी माझ्या देवापुढं बरेचदा म्हटलेलं आहे.

दोन हजारनंतर प्लॅस्टिकचे क्रेट आले. आधी थोडे, मग सगळीकडे. ते धुता येत होते, परत वापरता येत होते, त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता. बघता बघता आमच्या रस्त्यावरचा खिळ्यांचा आवाज बंद झाला. कामगार कुणी द्राक्षाच्या बागांत गेले, कुणी मंडईत हमालीला. तोपर्यंत माझ्या वर्गात संगणक आले होते आणि माडी अपुरी पडत होती. घर आता त्याच वर्गावर चाललं होतं. नवऱ्यानंच म्हटलं, "खालची शेड बंद करून घे. फरशी टाक. तुजी पोरं खाली बसतील." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, आणि हेही मला त्याच्याकडून मिळालेलं एक देणंच वाटतं.

फरशीसाठी मिस्त्री शेडमधली जमीन धुम्मसानं ठोकून घेत होता. मधोमध आल्यावर तो थांबला. "भाऊ, हितं जमीन बसती. कुणी खणलं व्हतं काय?"

"असंल कायतरी. बुजवा," नवरा म्हणाला आणि बाहेर जायला लागला.

माझा स्वभाव तसा बुजवा म्हटलं की उकरायचा. मी मिस्त्रीला म्हटलं, थांबा, काढा बघू. वरची माती काढली, तर खाली भुसा. भुसा काढला, तर नीट चौकोनी कापलेला खड्डा, गुडघाभर खोल. तळाला विटांचा थर, आणि त्यावर सिमेंट ओतून सारखं केलेलं. टेम्पोची चाकं दोन्ही बाजूंनी जायची, म्हणून इतकी वर्षं तो दबलाही नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो दारातच उभा होता. "खांबाचं," म्हणाला.

"कधी खणलं?"

"तू वर पोरींना सांगत व्हतीस ना, वर्ग बंद म्हनून. तवा. यंत्रांच्या आवाजात कुदळ कुनाला ऐकाया जाती? सकाळी खांब उभा करनार व्हतो. वर फळ्या टाकून ठिवल्या व्हत्या. मंग इंजिनेर म्हनला खांब नको, तर भुसा भरून बुजवून टाकलं."

"आणि टेम्पो?"

"ऱ्हायला असता रस्त्यावर. आमी डोक्यावरनं वाहिली असती खोकी."

"मला का नाही सांगितलं?"

"आता खांब बसलाच न्हाई तर सांगायचं काय त्यात?" तो वैतागून म्हणाला. "आन् तू रडती कशाला? मिस्त्री बघतोय."

मिस्त्री बघत होता, हे खरं. मी त्या खड्ड्याच्या काठावर बसले होते, पाय आत सोडून, आणि माझे पाय त्या सिमेंटला टेकत होते. ते चांगलं घट्ट होतं, माझ्यासाठी घातलेलं. मी त्याला हाक मारली, आणि तो पुटपुटत आला आणि माझ्याशेजारी बसला.